गल्लीची छतं मी मोजून दिली

काय सांगायचं आणि कुठल्या तोंडानं सांगायचं! पण तुम्ही चहा पाजताय म्हणून सांगतो. फक्त गावाचं नाव विचारू नका. कर्जत तालुक्यातलं आहे, एवढ्यावर समाधान माना.

माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान. एके काळी चांगलं चालायचं हो! लाईट गेली की अख्खं गाव शिव्या घालायचं आणि मी गल्ल्याजवळ अगरबत्ती लावायचो. आता? लोक बॅटरी मोबाईलवरून मागवतात आणि तिच्यात पाणी टाकायला तेवढं मला बोलावतात. त्यात सोलर आलं. ज्याच्या त्याच्या छतावर वीज तयार व्हायला लागल्यावर माझा इन्व्हर्टर काय पूजेला ठेवणार? दुपारभर दुकानात मी आणि एक पंखा. तोही बिलाच्या भीतीनं बंद.

त्यामुळं वेळ भरपूर, आणि वेळ असला की मतं फुटतात. सकाळी टपरीवर माझं रोजचं भाषण: धंदा का बसला, सोलर कुठवर जाणार, घरपट्टी घेतात ती जाते कुठं. लोक मन लावून ऐकायचे. म्हणजे, चहा संपेपर्यंत.

शेवटी एक दिवस बायको म्हणाली, "एवढं सोलर सोलर करताय, तर तेच इका की!"

पटलं मला. नगरला (अहिल्यानगर म्हणायचं आता, पण एसटीचा कंडक्टर अजून नगरच ओरडतो) एका सोलर कंपनीचा मेळावा होता, तिथं गेलो. गळ्यात हिरव्या पट्टीचं ओळखपत्र घातलेले कंपनीचे साहेब म्हणाले, "आमची माणसं सर्वेला कधीही येतील. एका गल्लीत जेवढी जास्त छतं मिळतील, तेवढी तुमची एजन्सी पक्की समजा."

परतीच्या एसटीत मी उभाच होतो, पण डोक्यात दुकानाची नवीन पाटी रंगवत होतो.

इकडं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कसलीशी सूचना लागली होती म्हणे. पण त्या फळ्याखाली शेळ्या बांधतात. वाचायला कोण जातंय?

आणि त्याच आठवड्यात ती माणसं आली! एक बाई, एक बाप्या. गळ्यात हिरव्या पट्टीचं ओळखपत्र, हातात लेझरचं मोजायचं यंत्र, डोक्यावर घरघरणारं ड्रोन. बाई म्हणाली, "काका, आम्ही सर्वेसाठी आलोय. ग्राम..."

पुढचं मी ऐकलंच नाही. हिरवी पट्टी बघितली आणि ओरडलो, "अगं, चहा टाक! आली माणसं!"

ती छत मोजायला लागली. मी मागं मागं.

"वरची खोली तुमचीच का, काका?"

"माझीच! आन् मागचं पत्र्याचं शेडबी धरा."

"ते कच्चं दिसतंय."

"कच्चं? मॅडम, हत्ती उभा करा त्याच्यावर!"

"बरं, पक्कं लिहिते. हे बाथरूम?"

"धरा की! त्याच्यावर बी स्लॅब हाय."

बाई थांबली. माझ्याकडं जरा काळजीनंच बघितलं तिनं. "काका, बाकी ठिकाणी लोक आम्हाला बघून दार लावून घेतात हो."

"अडाणी हायती! त्यान्ला फायदा कळत न्हाई."

मग काय, मला चेव चढला. एकट्याच्या छतावर एजन्सी थोडीच मिळते? मी त्यांना घेऊन निघालो गल्लीत.

शेजारी नाना, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. ते बिचारे खरं बोलायला गेले. "बाई, आमचं छत गळतंय बरं का."

"नाना, गप बसा!" मी म्हणालो. "मॅडम, गळत न्हाई. घाम येतो त्याला उन्हाळ्यात. लिहा, आरसीसी!"

समोर यमुनाकाकू. एकट्या राहतात. मुलगा पुण्याला, तो सारखा म्हणतो चल, पण त्या हलत नाहीत. आमच्या घरी आमटी बिघडली की त्यांच्याकडून वाटी यायची. बिघडली नाही तरी यायची. त्या दारातून म्हणाल्या, "दत्ता, माझ्या दोन खोल्या रं, मातीत बांधलेल्या. त्यात काय मोजायचं?"

"काकू, माती कशाला म्हणताय? मॅडम, सिमेंटमधलं बांधकाम हाय. वरचा मजला बी घालायचा चाललाय!"

"मला न्हाई म्हायती," काकू म्हणाल्या.

"पोरानं सांगितलं न्हाई तुमाला अजून!"

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत एकही पडकी भिंत मी शिल्लक ठेवली नाही. जाताना बाईनं अक्षरशः हात जोडले. म्हणाली, "काका, गावागावात तुमच्यासारखी माणसं पाहिजेत."

मला काय आनंद झाला म्हणता! त्या रात्री मी बायकोला विचारलं, उद्घाटनाला कुणाकुणाला बोलवायचं?

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. तुमच्या येतं हो लगेच! माझ्या यायला घरपट्टीची मागणी हातात पडावी लागली. भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टम्म फुगलेली. आणि माझी एकट्याची नव्हे, अख्ख्या गल्लीची.

नाना दारात. मागं सगळी गल्ली.

"दत्ता, ती मानसं सोलरची हुती न्हवं?"

"हो... म्हणजे... हुती की."

"मंग घरपट्टी कशी काय वाढली रं?"

धावत ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक शांतपणे म्हणाले, "घरपट्टीच्या फेरआकारणीचा सर्वे होता तो. आणि दत्ताभाऊ, अख्ख्या गावात सगळ्यात चोख माहिती तुमच्या गल्लीची! तुमचे आभार मानायला येणारच होतो."

आभार! टपरीवर माझं भाषण बंद झालं. म्हणजे मी करत होतो, पण मी आलो की बाकडं रिकामं व्हायचं. एकट्या यमुनाकाकू म्हणाल्या, "जाऊ दे, भल्यासाठीच केलं त्यानं." त्यानं तर मला जास्तच लागलं.

मग मी ठरवलं, आपण बिघडवलं, आपणच निस्तरायचं. हरकती ऐकायचा दिवस आला. गल्लीच्या वतीनं मी उभा राहिलो.

"साहेब, ही घरं न्हाईत, सापळे हायती! भिंतींना तडे गेलेत. नानांच्या घरात पावसाळ्यात छत्री घेऊन जेवत्यात. आन् यमुनाकाकूंकडं तर शिंकायची चोरी! शिंक आली की बाहेर पळायचं, न्हाईतर वरचं खाली!"

ग्रामसेवकांनी चष्मा काढला. "मग तुम्हीच मॅडमना पक्कं म्हणालात ते?"

"लाजेनं, साहेब! परक्या बाईपुढं घरची दैना कोण उघडी करतं?"

बोलता बोलता मलाच ते खरं वाटायला लागलं, आता बोला! मागं कुणीतरी डोळे पुसले. आणि ऐका, हरकत मंजूर झाली! आकारणी उतरली. नानांनी पेढे वाटले. टपरीवर बाकड्यावर मला मधली जागा मिळाली. मी पुन्हा सोलरवर बोलायला लागलो.

पण ग्रामसेवक माणूस सरळ. त्यांनी माझा शब्दन् शब्द खरा धरला. पावसाळ्याच्या तोंडावर गल्लीतल्या दारादारावर लाल अक्षरांत कागद लागले: 'धोकादायक घर. वापर तात्काळ बंद करावा.' त्या कागदात छत्री नव्हती आणि शिंकही नव्हती. नुसता हुकूम.

आणि नेमकी त्याच सकाळी सोलर कंपनीची माणसं आली. खरी! शिडी घेऊन आली होती. त्यातल्या एकानं माझ्या दारावरचा कागद वाचला, मग नानांच्या, मग काकूंच्या. शिडी गाडीवरून उतरवलीसुद्धा नाही. म्हणाला, "काका, पॅनलचं वजन सोडा, आम्ही इथं गाडी लावली तर चालेल का?"

एजन्सी गेली. ते मी सोसलं असतं हो. माझं दुकान तसंही रिकामंच.

पण दोन दिवसांत यमुनाकाकूंचा मुलगा पुण्याहून आला. कुणीतरी कागदाचा फोटो त्याला पाठवला होता. इतकी वर्षं त्याला हवं होतं ते कारण मी मिळवून दिलं. काकूंनी गाडीत डबे ठेवले, तुळशीला पाणी घातलं, आणि मला हाक मारली.

"काकू, मी सांगतो त्याला, घर चांगलं हाय म्हणून..."

"नको, बाबा," त्या म्हणाल्या. "तुझ्याच तोंडानं वरचा मजला चढवलास, तुझ्याच तोंडानं सगळं पाडलंस. आता हाय तेवढ्या भिंती तरी राहू दे."

गाडी वळली. समोरच्या दाराला कुलूप. अजून आहे.

पुढं गल्लीनं मिळून खटपट केली. तालुक्याहून इंजिनिअर साहेब आले. घरं ठोकून, वाजवून बघितली. म्हणाले, "तशी ठीक दिसतात. पण गल्लीतल्या एकाचा जबाब घ्यावा लागेल, घरं राहण्याजोगी आहेत म्हणून. कोण देतंय?"

सवयीनं मी एक पाऊल पुढं टाकलं. आणि अख्खी गल्ली एका सुरात ओरडली, "साहेब, कुणाचाबी घ्या! पर आदी ह्याला घरात कोंडा!"

कोंडायची वेळच आली नाही. मीच आत गेलो आणि आतून कडी लावली.