कोप नव्हे, कोपर

त्या वर्षी मला देवाचा राग आला नव्हता, संशय आला होता. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आमच्या उदगीरला कचेऱ्या जवळ आल्याचा आनंद होता, नळाला मात्र पाणी नव्हतं. टँकर गल्लीत शिरला की घागरी घेऊन पळायचं. अशाच पळापळीत मी पडले, डावा हात अंगाखाली आला. दवाखान्यात फोटो काढला. कोपरापासून मनगटापर्यंत जी दोन हाडं असतात, त्यातलं करंगळीकडचं मोडलं होतं. प्लास्टर घातलं, पुढे काढलं. "हाड जुळलं, आता व्यायाम करा," म्हणाले.

हात काही मोकळा होईना. भाकरी तव्यावर टाकताना हातातच फाटायची. पण खरी अडचण पूजेची होती. आम्ही लिंगायत, रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं. तळहात आभाळाकडे वळतच नव्हता. मी कोपर कुशीत दाबायची, सगळं अंग डावीकडे झुकवायची, तेव्हा कुठे लिंग जेमतेम ठरायचं. पूजा कसली, कसरतच ती. डोळे मिटले तरी लक्ष बोटांवर.

सासूबाई म्हणाल्या, "लिंग हातावर ठरंना म्हंजे कायतरी चुकलंय तुजं. शिव कोपलाय."

"माझ्या एकटीवर कोपला, मग पाऊस सगळ्यांचा का अडवला?"

"हात चालंना, तोंड मातर लई चालतंय!"

मी हसले, पण ते मनात रुतलं. आमच्या किराणा दुकानात वजन करतानाही तोच विचार. काय चुकलं असेल? आणि हात असाच राहिला तर?

श्रावणातला सोमवार कोरडाच उजाडला. मठात सगळ्यांची एकत्र पूजा होती. बायका गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या, अभिषेकाला प्रत्येकीपुढे पळीभर पाणी. मी झुकले, पाणी घातलं आणि ओलं लिंग तळहातावरून निसटलं. इष्टलिंग जमिनीवर पडणं आमच्यात मरणाइतकं मोठं मानतात.

ते जमिनीवर पडलं नाही. उजवीकडच्या बाईंच्या पदरात पडलं. नांदेडहून आपल्या नणंदेकडे आलेल्या पाहुण्या होत्या. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचलून माझ्या हातात दिलं. पण बघत होत्या त्या माझ्या कोपराकडे.

पूजा संपल्यावर म्हणाल्या, "अक्का, एवढं वाकता कशाला?"

"हात वळत नाही."

"दुखतो म्हणून, की आत अडतो?"

"अडतो."

त्यांनी कोपराच्या पुढच्या बाजूला बोट दाबलं. तिथे गोटीसारखं काहीतरी होतं. "फोटो आहे का? मी नांदेडला दवाखान्यात फोटो वाचते."

"वाचता? आम्ही तर नुसता बघतो."

घर मागच्याच गल्लीत होतं. मी पळत जाऊन फोटो आणला. मठाच्या पायरीवर त्यांनी तो उन्हासमोर धरला आणि विचारलं, "यात कोपर कुठाय?"

नव्हतंच. मनगट होतं, मोडलेलं हाड होतं, त्याच्या वर फिल्मच संपली होती. त्या म्हणाल्या, "एक हाड मोडलं आणि शेजारचं शाबूत दिसलं, तर शेजारचं सांध्यातून निसटलंय का ते बघायलाच लागतं. वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे फोटोत पाहिजेत."

सासूबाई मागे उभ्या होत्या. "म्हंजे शिव कोपला न्हाई?"

"कोप नाही आजी, कोपर. जागेवरून निसटलंय."

जळकोटच्या रस्त्याने एसटीने आम्ही नांदेडला गेलो. नव्या फोटोवर बाईंनी अंगठ्याकडच्या हाडाच्या मधून पट्टी धरली. ती दंडाच्या हाडाच्या गोलाकार टोकावर जायला हवी होती, गेली त्याच्या पुढून. ऑपरेशन झालं. आणखी उशीर झाला असता तर हात कायमचा तसाच राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. तळहात आता वळतो. पुरता नाही, पण लिंग ठरतं.

बाईंना त्या दिवशी माझ्याच शेजारी कुणी बसवलं, याचा वाद मी कुणाशी घालत नाही. माझं मन आजही पूजेत फार वेळ जाग्यावर राहत नाही, हिशेब सुरूच असतात. मग तो सोमवार आठवतो. लिंग पडू नये म्हणून मी इतके दिवस अंग वाकवून, कुणाला न सांगता, दात आवळून सांभाळलं. ज्या दिवशी हातातून सुटलं, त्याच दिवशी ते कुणीतरी पदरात झेललं. एवढं आठवलं की खांदे आपोआप सैल होतात, आणि मी हात उघडा धरते.