वेळणी

लग्न होऊन नागपूरहून कलकत्त्याला आले, त्याला महिनाही झाला नव्हता. यांची बँकेतली बदलीची नोकरी, बालीगंजला दोन खोल्या, आणि सोबत रत्नागिरीकडच्या सासूबाई. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना चार शब्दांचे अर्थ विचारले. चौथ्याला त्या म्हणाल्या, "तुमच्या नागपुरात मराठी बोलतात ना गं?" त्यानंतर काही विचारायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

मग भाचीकडे चार दिवस राहायला निघताना त्या दारातून म्हणाल्या, "सामानात वेळणी हरवली बघ. मी येईपर्यंत एक आणून ठेव."

मी मान डोलावली. वेळणी म्हणजे काय, मला ठाऊक नव्हतं.

यांना विचारलं तर म्हणाले, "स्वयंपाकातलं असेल काहीतरी. आईलाच विचारायचंस."

त्या शब्दानं मला बसू दिलं नाही. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तोच तोंडात. बाजारात भांड्यांच्या दुकानी गेले आणि शब्द उच्चारला. दुकानदारानं "बेलनी? बेलनी!" म्हणत लाटणं हातात ठेवलं. ते घेऊन घरी आले, पण लाटणं तर आमच्याकडे होतंच. दुसऱ्या दिवशी जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी यांच्या ओळखीतल्या एका मराठी आजींचा पत्ता घेऊन मी एकटीच ट्राममध्ये बसले आणि बागबाजारला उतरले.

आजी तिथेच जन्मलेल्या, शाळामास्तरांच्या विधवा. मराठी बोलताना मध्येच बंगालीत शिरायच्या. मी धीर करून विचारलं, "आजी, वेळणी म्हणजे काय हो?"

त्या हसल्या नाहीत. आत जाऊन पितळेची एक खोलगट झाकणी घेऊन आल्या. "ही. भात शिजला की पातेल्याच्या तोंडावर हिला दाबून धरायचं आणि पातेलं कलतं करायचं. पेज खाली, भात आत. त्याला वेळणं म्हणतात. माझ्या आईला लग्नात दिलेल्या भांड्यांत ही होती. तेव्हा कोकणात वेळणीशिवाय मुलीची भांडी पुरी होत नसत."

"आम्ही नुसतं मांड गाळणं म्हणतो," मी म्हणाले. इतकी साधी गोष्ट! हायसं वाटायला हवं होतं, वाटली ती लाज.

आजींनी वेळणी माझ्या हातात दिली. "घेऊन जा. मी भात वेळत नाही आता."

"का?"

"त्रेचाळीसच्या दुष्काळात माणसं दाराशी यायची. भात नाही मागायची. 'फॅन दाओ मा' म्हणायची. फॅन म्हणजे हीच पेज. मी रोज वाडगा भरून द्यायची. एक बाई लेकराला घेऊन यायची. एके दिवशी ती एकटीच आली. मी वाडगा पुढे केला, तर तिनं घेतला नाही, नुसती बघत राहिली. भात वेळायला घेतला की माझे कान दाराकडे जातात. म्हणून मोजून पाणी घालते, आटवते."

परतीच्या ट्राममध्ये वेळणी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

सासूबाई आल्या. वेळणी उलटसुलट करून म्हणाल्या, "ही तर जुनी आहे. कुठे मिळाली?"

मी सगळं सांगितलं, आजींच्या दाराशी येणाऱ्या त्या बाईचं, आणि शब्द माहीत नव्हता तेही. त्या रागावल्या नाहीत. उठल्या, भात वेळला. मोरीकडे नेलेलं पेजेचं भांडं त्यांनी तिथूनच परत आणलं, मीठ घातलं आणि दोन वाट्या भरल्या.

"पी," म्हणाल्या.

समोरासमोर बसून आम्ही पेज प्यायलो. जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली, तशा दोघींनीही माना वळवल्या. पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली. तरी सासूबाई वाटी खाली ठेवून उठल्या आणि दार उघडून बघून आल्या.