माइकचा बूस्ट

निजामपुऱ्यातल्या त्या सायबर कॅफेवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आधी लूमवर, म्हणजे यंत्रमागाच्या खडखडाटात कामाला होता, त्यामुळे सगळ्यांशी ओरडूनच बोलायचा. माझी नोकरीची मुलाखत कॉम्प्युटरवरून होती, पाच मिनिटांत सुरू होणार होती, आणि मी तोंड उघडलं की स्पीकर किंचाळत होता.

त्याने कान खाजवत निदान केलं, "बाय, माइकचा दोष न्हाय. तू पुटपुटतेस, म्हणून मीच त्याचा आवाज वाढवायचा बूस्ट चढवलेला. आता माइक स्पीकरचंपण ऐकतो, म्हणून किंचाळतो." त्याने बूस्ट काढला. "लूम चालू हाय असं समजून बोल."

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमच्यातला दोष कोणता?

"आय ॲम व्हेरी शाय!" मी ओरडले.

अख्खा कॅफे वळला. बाई खळखळून हसल्या. स्पीकर मात्र किंचाळला नाही.

कॅफेवाला माऊस पुसत म्हणाला, "बघ, एकदम क्लियर!"