राजदूतमागची चंद्री

शालूबाई गवळणीच्या तोंडाला उभी गल्ली टरकायची. नवरा दारूपायी गेला, पण बाई खचली नाही. मंगळवार पेठेच्या मागं, नाल्याकाठच्या झोपडपट्टीत तिनं दोन पोरं आणि चंद्री नावाची म्हैस वाढवली. थोरला बसवराज दिवाळीच्या पाडव्याला चंद्रीची शिंगं रंगवून तिला मिरवायला काढायचा. सायलेन्सर काढलेल्या राजदूत फटफटीवर तो पुढं, आणि त्या आवाजामागं चंद्री चौखूर! काय थाट होता म्हणून सांगू!

२००३ च्या पाडव्याला त्याच बसवराजला पलीकडच्या गल्लीतल्या म्हशीवाल्या आकारामनं भर चौकात तोडला. कारण काय, तर म्हैस कुणाची पुढं काढायची! साक्षीला कुणी उभं राहिलं नाही. आकाराम जामिनावर सुटला आणि त्याच चौकात पान चघळत बसू लागला.

धाकटा मल्लू सोळा वर्षांचा. शाळा सुटलेली. गल्लीतले टगे त्याला रोज पेटवायचे, "भावाचं रगत हाय का पाणी?" स्वतः एकजण पुढं होईना, नामर्द मेले! तलवार मात्र त्यांनीच आणून दिली.

एका दुपारी मल्लूनं बसवराजची राजदूत बाहेर काढली. शालूबाई आडवी आली.

"मुडद्या, एक गेला, आता तू बी जातोस व्हय?"

"सोड की आई! त्येला जित्ता ठेवत न्हाय."

त्यानं आईला ढकललं. उंबऱ्यावर तिचं कपाळ फुटलं. राजदूत कडाडत गेली. रडायला फुरसत कुठली? शालूबाईनं गोठ्यात धाव घेतली आणि रेडकाला चाटत उभ्या चंद्रीचं दावं सोडलं.

"जा बाई, माझ्या लेकराला आण!"

चौकात मल्लूनं तलवार उपसली, तोवर आकारामनं कोयता उगारला होता. आवाजामागं उधळत आलेली चंद्री नेमकी मधे घुसली. घाव तिच्या मानेत बसला. तशीच तिनं आकारामला शिंगावर घेऊन टपरीवर आपटलं. तंगडं मोडून तो गटारात पडला.

"घाल, मल्ल्या, घाल!" टगे लांबूनच ओरडले.

राजदूत अजून फडफडत होती. चंद्री रक्त सांडत तिच्यापाशी गेली आणि गुडघ्यांवर बसली. मल्लूनं तलवार फेकली. दोन्ही हातांनी तिची मान दाबून धरली, पण रक्त थांबेना.

शालूबाई धापा टाकत आली. चंद्रीचे डोळे थिजले होते.

"आई, हिला का सोडलीस गं?" मल्लू हंबरडा फोडून रडला.

बाईनं त्याच्या दोन कानफटात लावल्या आणि मग त्याला पोटाशी धरला. हातातलं मोकळं दावं तिनं त्याच्या मुठीत कोंबलं.

"घरी तिचं रेडकू भुकेलंय. त्येला दूध तू पाजायचं. चल."