मंडपवाल्याची खुर्ची

मागच्या वर्षी नवरात्रात, सातव्या माळेला, माझी थोरली बहीण परीक्षकांच्या खुर्चीवर बसून मोठ्याने हसली. त्या वेळी रंगमंचावर एक माणूस दुसऱ्याचा गळा चिरत होता. तिच्यासमोरचा माइक चालू होता. हसणं कर्ण्यांतून मैदानभर गेलं.

ठिकाण भोकरदन तालुक्यातलं देवीचं गाव. नवरात्रात तिथे हौशी मंडळींच्या नाटकांची स्पर्धा होते. ताई जालन्यात शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाल्यापासून अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून तिला बोलावतात. त्या दिवशी मी तिच्यासोबत गेलो होतो आणि तिच्या मागच्याच रांगेत बसलो होतो.

नाटक एका मंडपवाल्याचं होतं. लग्नाचे मंडप, खुर्च्या, कमानी भाड्याने देणं हा त्याचा धंदा. नाटक लिहिलं त्याने, बसवलं त्याने, मुख्य कामही त्याचंच. गोष्ट एका बहुरूप्याची. लग्नाच्या पंगतीतून त्याला सगळ्यांदेखत उठवतात आणि लोक हसतात. मग तो हसणाऱ्यांना एकेक करून मारतो, दर वेळी नवं सोंग घेऊन. वाढप्या होऊन एकाला आग्रह करकरून जिलब्या खाऊ घालतो, तो माणूस खाता खाताच मरतो. न्हावी होऊन दुसऱ्याचा गळा कापतो. ज्याची पाळी असेल त्याच्या उंबऱ्यावर आदल्या दिवशी हळदीच्या अक्षता पडलेल्या असतात. मरणाऱ्याला मखमली खुर्चीवर बसवलं जातं, नवरदेवाला बसवतात तसं.

स्पर्धेच्या नियमाप्रमाणे हत्यारं लाकडाची किंवा पुठ्ठ्याची असावी लागतात. परीक्षक ती आधी तपासतात. वस्तरा ताईने हातात घेऊन पाहिला होता. प्लायवूडचा होता, वर चंदेरी कागद चिकटवलेला.

रक्तासाठी फवारणीचा पंप वापरला होता, कपाशीवर औषध मारायचा, पाठीवरचा. त्यात कुंकवाचं पाणी. नळी खुर्चीच्या मागून वर काढलेली. गळ्यावरून वस्तरा फिरला, पडद्यामागून कुणीतरी पंप मारला आणि नळी निसटली. लाल धार पहिल्या रांगेत गेली. पांढऱ्या कपड्यांतले पाहुणे भिजले. कुणी हसलं नाही, पाहुणे मोठे होते. मग गळा चिरलेला माणूस खुर्चीतून उठला, त्याने नळी धरून आपल्या मानेकडे वळवली आणि पुन्हा मरून पडला.

ताई तेव्हा हसली.

मंडपवाला थांबला. वस्तरा हातात तसाच. त्याने ताईकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग पुढचं वाक्य म्हणून नाटक पुरं केलं. नाटकाला बक्षीस मिळालं नाही. निकालानंतर तो ताईच्या पाया पडला.

"मॅडम, राग न्हाई बिलकुल," तो म्हणाला. "फक्त ध्यानात ठेवून राह्यलो."

परतीच्या वाटेवर ताई गाडीत दोनदा स्वतःशीच हसली. ती का हसली हे मला माहीत होतं. तिचे यजमान गेल्यापासून दर रविवारी दुपारी मी तिच्याकडे जेवायला जातो आणि जेवण झालं की आम्ही सिनेमा लावतो. आम्हाला एकाच जातीचे सिनेमे आवडतात. कुणाचा तरी अपमान झालेला असतो. नट असतो, वाजवणारा असतो, विदूषक असतो. तो सूड घेतो, पण साधा घेत नाही. कपडे शिवून घेतो, दिवे लावतो, संगीत लावतो, समोरच्याला त्याचा गुन्हा वाचून दाखवतो आणि मगच मारतो. मारताना काहीतरी हमखास फसतं. ताई पदराने डोळे पुसत हसायची. तिची मुलगी पुण्याहून फोनवर विचारायची, "आई, असलं काय बघून राह्यलीस?"

मला ते सिनेमे का आवडतात याचं उत्तर माझ्या नोकरीत आहे. मी अनेक वर्षं वर्तमानपत्रात जिल्ह्याचं पान पाहिलं. सुडाच्या बातम्या जवळजवळ रोज असायच्या. काढून रचून ठेवलेली सोयाबीनची सुडी पेटवली. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापली. उभ्या मोसंबीच्या बुंध्यांना कुऱ्हाड लावली. या बातम्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल. ज्याची सुडी जळायची त्याला बहुतेक वेळा माणूस ठाऊक असायचा. तो माणूस सकाळी सगळ्यांबरोबर राख बघायला येऊन उभा राहायचा. बोलायचं कुणीच नाही. मी ती वाक्यं लिहिली तेव्हा मला भीती वाटली नाही. नंतर वाटायला लागली. सिनेमात अज्ञात इसम नसतो. तिथे सूड घेणारा पुढे येतो, नाव सांगतो, कारण सांगतो. लोक बघत असतात.

दसरा झाल्यावरच्या आठवड्यात ताईच्या उंबऱ्यावर अक्षता पडलेल्या होत्या.

तिने मला फोन केला तेव्हा ती हसतच सांगत होती. "अरे, माझी बारी आली वाटतं." आमच्याकडे लग्नाचं बोलावणं द्यायला आलेल्यांना घर बंद दिसलं, तर ते उंबऱ्यावर अक्षता ठेवून पत्रिका कडीत अडकवून जातात. मी पत्रिकेचं विचारलं. पत्रिका नव्हती. वाऱ्याने उडाली असेल म्हणून तिने अंगण पाहिलं, गटारीपर्यंत पाहिलं. नंतर तिने गल्लीतल्या घरांत विचारलं. बोलावणं दुसऱ्या कुणालाच आलेलं नव्हतं.

त्या रविवारी आम्ही सिनेमा लावला. वीसेक मिनिटांनी ताईने तो बंद केला. मी निघालो तेव्हा तिने माझ्यामागे दाराला आतून कडी घातली. ते तिने दिवसा कधी केलं नव्हतं.

त्यानंतर एका दुपारी ती भाजी घेऊन परत आली तर अंगणात खुर्ची होती. लाल मखमलीची, सोनेरी हातांची, लग्नात स्टेजवर असते ती. तोंड दाराकडे. शेजारच्या बाईंनी पाहिलं होतं. "मंडपवाल्यांचा टेम्पो आल्ता ना ताई," त्या म्हणाल्या. "दोघं जण उतरले. मी म्हणलं, पोरीकडचं काही कार्य असंल."

मी पोहोचलो तेव्हा ताई दारात उभी होती. तिने खुर्चीवर जुनी चादर टाकली होती. चादरीमुळे खुर्चीत कुणी बसल्यासारखं दिसत होतं. मी चादर काढली.

माझ्या ओळखीचे एक हवालदार आहेत. त्यांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अक्षता टाकल्या म्हणून कोणता गुन्हा लावू साहेब?" ते म्हणाले. "आणि खुर्ची ठेवून गेले. नेली असती तर चोरी लावली असती बराबर."

"धमकी?"

"धमकी कुठं हाय? नाटकातली. नाटकातल्या माणसाला अटक करू का?"

मंडपाच्या दुकानाचा नंबर खुर्चीच्या पाठीमागेच रंगवलेला होता. परत येऊन मी अंगणातूनच फोन लावला. मंडपवाल्याने स्वतः उचलला. मी कोण ते सांगितलं आणि खुर्ची त्याची आहे का विचारलं.

"आमचीच हाय. मॅडमसाठी पाठवली."

"कशासाठी?"

"बसायला."

मी अक्षतांचं विचारलं.

"बोलावणं नको का साहेब? मंग अक्षता कशाला असत्यात?"

"पत्रिका नव्हती."

"पत्रिका छापली न्हाई. खर्चा कशाला. जिला यायचं हाय तिला कळलं. मंठ्याला प्रयोग हाय. स्पर्धा न्हाई, आपला आपला. बाजाराच्या मैदानावर. त्या दिवशी मॅडम हसल्या, त्याच्यानंतर कुणाला माझं नाटक आठवंना झालं. लोक भेटलं की ते हसणंच सांगत्यात. मॅडम आल्या पाहिजेत. टेम्पो येईल घ्यायला."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. मी ताईला शब्दाला शब्द सांगितलं. मला वाटलं ती नको म्हणेल.

ती म्हणाली, "मी जाणार आहे."

"कशाला?"

"नाही गेले तर पुढचं काय ठेवून जातील ते रोज दारात बघत बसू का मी? दुपारची झोप गेली माझी. भांडं पडलं तरी दचकते." तिने खुर्चीकडे पाहिलं. "तिथे निदान लोक असतील. तूच सांगायचास ना, लोकांसमोर कुणी काही करत नाही म्हणून."

मी असं म्हणालो होतो. सिनेमांबद्दल बोलताना.

ठरल्या दिवशी दुपारी टेम्पो आला. चालवणारा मी ओळखला. नाटकात ज्याचा गळा चिरला जातो तो हाच. त्याने आधी खुर्ची मागे चढवून दोरीने बांधली, मग आम्हाला पुढे बसवलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन निघालेली रानं होती आणि काही ठिकाणी ताडपत्रीखाली सुड्या. ताई पर्स मांडीवर घेऊन समोर बघत होती.

"मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊन राह्यल्या काय?" ड्रायव्हर म्हणाला. "नळीचं काम आता पक्कं केलंय. या बारीला कुणी भिजणार न्हाई. गळ्याचा सीन तर लई भारी झालाय."

"तुम्हाला भीती नाही वाटत?" ताईने विचारलं.

"कशाची? लाकडाचा वस्तरा. हजामतीला गेलो तर त्याच्याहून जास्ती लागतं."

मंठ्याला पोहोचलो तेव्हा मैदानावर माणसं जमत होती. दिवे लागले. ताईला पहिल्या रांगेत बसवतील असं आम्ही धरून चाललो होतो. दोघांनी खुर्ची उचलली आणि रंगमंचावर नेली, डाव्या कडेला, प्रेक्षकांना दिसेल अशी. तिच्यासमोर माइक उभा केला. मंडपवाला बहुरूप्याच्या वेशात आला, ताईच्या पाया पडला आणि हात धरून तिला वर घेऊन गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती पाहुणी आहे असं त्यांना वाटलं. मी रंगमंचाच्या पायऱ्यांपाशी उभा राहिलो.

नाटक तेच होतं. जिलब्यांच्या प्रसंगाला लोक खूप हसले, मागच्या वेळेपेक्षा जास्त. ताई हसली नाही. तिचे दोन्ही हात खुर्चीच्या सोनेरी हातांवर होते.

न्हाव्याचा प्रसंग आला. ड्रायव्हर दुसऱ्या मखमली खुर्चीवर बसला, मान मागे टाकली. मंडपवाल्याने त्याला फेस लावला, वस्तरा त्याच्या गळ्यापाशी नेला आणि तिथेच थांबला. मग मान वळवून ताईकडे पाहिलं.

पुढच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "विसरला वाटतं." तो विसरला नव्हता. वस्तरा गळ्याला टेकलेला होता आणि तो वाट बघत होता. ड्रायव्हरने डोळे मिटलेले होते. त्याच्या गळ्याची घाटी एकदा खालीवर झाली.

"हसा, मॅडम," मंडपवाला म्हणाला. आवाज हळू होता, पण माइकने तो धरला.

ताईने तोंड उघडलं. आवाज आला नाही. मी दोन पायऱ्या चढलो. मंडपवाल्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचा हात हलला नाही.

"तुम्ही हसल्याशिवाय पुढचं व्हायचं न्हाई."

मग ती हसली. सुरुवातीला खोकल्यासारखा आवाज होता, नंतर तो वाढला आणि कर्ण्यांतून मैदानभर गेला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आधी मागचे लोक हसले, मग सगळेच. वस्तरा हातात उलटा झाला आणि गळ्यावरून फिरला, पंप चालला, नळी जागच्या जागी राहिली. ड्रायव्हर मेला. टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

प्रयोग संपल्यावर मंडपवाल्याने ताईला शाल आणि नारळ दिला. लोक तिच्याबरोबर फोटो काढत होते. एक बाई तिला म्हणत होती, "लई छान काम केलं हो तुम्ही. खरंच भ्याल्यावानी दिसत होत्या." ताई मान हलवत होती.

मी कनातीमागे गेलो. तिथे एका टेबलावर सामान मांडलेलं होतं: जिलब्यांचं ताट, फेसाची वाटी, मिशा, अक्षतांचा डबा. ड्रायव्हर बाकावर बसून टॉवेलने मानेवरचं कुंकवाचं पाणी पुसत होता.

"चला साहेब, जल्दी निघू," तो म्हणाला. "मॅडम दमल्या असतील."

वस्तरा ताटाच्या बाजूला होता. मी तो उचलला. पातं पोलादाचं होतं. मी त्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्यावर बारीक रेघ उमटली आणि तिच्यातून रक्त आलं.