जपानहून आलेला डबा

आज बारा एप्रिल. मिसळणाचा डबा घासायला काढला आणि जायफळाच्या वासाने एकोणसत्तर सालातली डहाणूची एक दुपार आठवली. माझ्या लग्नाला चारच महिने झाले होते. बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या भावाने जपानहून कॉफीचा एक बंद डबा पाठवला होता. चिठ्ठीत एवढंच होतं, "इथे स्टेशनावर लोक या डब्यांवर तुटून पडतात." डबा हलवला तर आत काहीतरी पातळ डचमळलं. सासूबाई म्हणाल्या, "अर्क असणार. कपाला चमचाभर पुरे." लगेच त्यांनी आसपासच्या चिकूवाड्यांतल्या बारा बायकांना बोलावणं धाडलं. माझ्या माहेरची वस्तू, मी तर हवेतच होते! दूध उकळलं, जायफळ किसलं, खिळा ठोकून डब्याला दोन भोकं पाडली. चमचाभर अर्क कपात घातला, दूध पांढरंच. पाच चमचे घातले, तरी पांढरंच. मग बोटाने चाखलं. ती तयार कॉफीच होती, एका माणसापुरती! ओटीवर बायका येऊन बसलेल्या, आता माहेरचं हसं होणार. सासूबाई कुजबुजल्या, "ओत सगळी पातेल्यात. आणि अजून एक जायफळ किस." बायकांनी कप निपटून प्यायले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जपानचा माल तो जपानचा! वास बघा कसा सुटलाय!" सासूबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू वाटी घेऊन दारात हजर. "बाय, थोडा अर्क दे गो." मी वाटीत अर्धं जायफळ ठेवलं आणि म्हटलं, "दुधात किसा. तोच वास येईल."