सारवलेल्या भिंती

हिवतापाला आमच्या गावात कोणी आजार म्हणतच नसे. पाऊस ओसरला, भात पोटरीला आलं की अंगात थंडी भरायची आणि गोधड्यांवर गोधड्या पडायच्या. मालवणपासून आत, तळ्याच्या काठी आमचं गाव. डासांना आणखी काय हवं? साठ सालच्या आसपास सरकारने घराघरांत औषध फवारायचं ठरवलं आणि त्या पथकात माझ्या बाबांना घेतलं. आमच्या लोकांना सरकारी कामांत जागा द्यायच्या, असं वरून ठरलं होतं म्हणे. अस्पृश्यता तर कायद्याने गेलीच होती. कायद्याने हो! गावातून जायला तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

ज्या घरांच्या पायरीला आमची सावली चालत नसे, त्यांच्या माजघरात शिरून बाबा भिंती फवारू लागले. पथकाचा साहेब सोबत असायचा, त्यामुळे कोणी तोंड उघडलं नाही. औषध भिंतीवर वाळून राहायचं, त्यावर डास बसला की मरायचा. म्हणून भिंती सारवू नका, असं बाबा घरोघर बजावत होते. ऐकतंय कोण? पथकाची पाठ वळली आणि बायकांनी पदर खोचले. गोमूत्र शिंपडलं, शेणमाती कालवली आणि बाबांचा विटाळ काढायला भिंती वरपासून खालपर्यंत सारवून घेतल्या. विटाळ गेला, औषधही गेलं. धन्य ती अक्कल!

गावाबाहेरच्या आमच्या वाडीत कोणी भिंतीला बोट लावलं नाही. आईला दरवर्षी लोळवणारा ताप त्या वर्षी फिरकलासुद्धा नाही. गावात मात्र घरागणिक अंथरुणं पडली. मग काय, बोंब उठली: याने स्वतःच्या वाडीत खरं औषध मारलं आणि आमच्याकडे नुसतं पाणी. बाबांनी साहेबाला नेऊन सारवलेल्या भिंती दाखवल्या. त्याने त्या पाहिल्या, मान डोलावली. त्याला सगळं कळलं होतं, आणि तेच माझ्या डोक्यात जातं, अजूनही. कळूनसवरून त्याने काय करावं? पुढच्या खेपेला पंप गावातल्याच वरच्या जातीच्या एका तरुणाकडे दिला आणि बाबांना बाहेर पिंपात पावडर कालवायला बसवलं. उगाच कोणाचं मन दुखवायला नको, काम पुरं झालं म्हणजे झालं, असं म्हणाला. आमचं मन त्याच्या हिशेबातच नव्हतं.

त्या वर्षी गावात घरन् घर फवारलं गेलं. तो तरुण आमच्या वाडीच्या बांधापर्यंत आला, पहिल्या घराच्या कुडावर बाहेरूनच दोन फवारे मारले आणि परत फिरला. आत गेलो तर आंघोळ केल्याशिवाय घरचे मला घरात घेणार नाहीत, एवढं सांगून मोकळा झाला. बाबांनी पंप मागितला. नेमलेल्या माणसाशिवाय पंपाला कोणी हात लावायचा नाही, असा लगेच नियम निघाला. आईला तेव्हा दिवस गेले होते. संध्याकाळी बाबा घरी यायचे ते औषधाच्या उग्र वासाचे हात घेऊन, आणि आमच्या भिंती कोऱ्या.

दसऱ्यानंतर आईला ताप आला. हुडहुडी भरली की मी आणि बाबा तिला दोन्हीकडून दाबून धरायचो, तरी ती थडथड उडायची. त्या तापातच मूल पोटात गेलं. मुलगा होता.

मग साहेब गोळ्या घेऊन आला. अंगणात उभा राहून त्याने आम्हाला स्वच्छता शिकवली. पाणी साचू देऊ नका, घर नीट ठेवा, तुम्ही लोक लक्ष देत नाही म्हणून रोगराई होते. आईने उठवत नसताना ते अंगण सकाळीच झाडलं होतं. बाबा त्याच्या मागे मान खाली घालून उभे होते. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण बोलली आई. दाराची चौकट धरून ती उभी राहिली.

"साहेबानू, औषधावर शेण तेंनी फासल्यानी, आनि पोर माजा गेला. आता शिकयतास कोणाक?"

साहेबाने गोळ्यांची पुडी उघडली. गोळ्या तर हव्याच होत्या, म्हणून आईने ओंजळ पुढे केली. तिला हात लागू नये म्हणून त्याने आपला हात उंच धरला आणि गोळ्या वरून सोडल्या. अर्ध्या ओंजळीत पडल्या, अर्ध्या मातीत.